पीअर्स पॉइंट रँच : छायाचित्र-प्रकल्पाच्या नोंदी

शनिवार, १२ ऑगस्ट २०२३

प्रकल्पाचा विषय आज निश्चित झाला. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरीन काउंटीत, पॅसिफिक महासागर आणि टोमॅलिसची खाडी यांच्या मधून जमिनीची एक अरुंद पट्टी वायव्येकडे गेलेली आहे. या पट्टीवरचा पीअर्स पॉइंट रँच हा १८५८ साली सॉलोमन पीअर्स याने सुरू केलेला दुग्धव्यवसाय. १९७३ साली तेथील काम थांबले आणि १९८० पासून त्या इमारती जपण्याची जबाबदारी अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली. राहते घर, दुधाची खोली, लोहारकामाची जागा, घोड्यांचा तबेला, शाळेची लहानशी खोली आणि गवताचे मोठे कोठार असा हा संपूर्ण समूह पांढऱ्या रंगात उभा आहे.

या जागेची छायाचित्रे विपुल आहेत. पांढरी भिंत, काळे आभाळ आणि वाऱ्याने वाकलेले सायप्रसचे झाड, हा साचा त्यांतून पुन्हा पुन्हा भेटतो. चित्रे सुंदर आहेत, परंतु त्यांतून येथे नेमके काय चालत होते हे कळत नाही. आमच्या चौघांच्या गटापुढे मी हाच प्रश्न ठेवला. ज्या ठिकाणी अनेक दशके पहाटे आणि संध्याकाळी गाईंच्या धारा काढल्या गेल्या, त्या ठिकाणच्या रिकाम्या इमारतींतून त्या श्रमाची खूण छायाचित्रात उतरवता येईल का? आमच्यातले दोघे कोल्हापूर आणि सांगलीकडचे आहेत. गोठा, गव्हाण आणि दावण या त्यांना बालपणापासून ठाऊक असलेल्या गोष्टी आहेत, आणि ही जाण प्रकल्पाला उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

शनिवार, २ सप्टेंबर २०२३

जाण्याआधी येथील कामाची रीत समजून घेणे आवश्यक होते, कारण काय शोधायचे हे ठाऊक नसेल तर कॅमेऱ्याला फक्त जुने लाकूड दिसते.

१८४८ च्या सोन्याच्या शोधानंतर सॅन फ्रान्सिस्कोची वस्ती झपाट्याने वाढली आणि शहराला लोणी हवे होते. ही पट्टी ज्या भागात आहे त्या पॉइंट रेझच्या किनाऱ्यावर उन्हाळाभर समुद्राचे धुके येत असल्यामुळे येथील गवत आतल्या भागापेक्षा अधिक काळ हिरवे राहते. या एका कारणाने मरीन काउंटी १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातील लोण्याचा मोठा पुरवठादार झाली. दूध नाशवंत असल्याने घोडागाडी आणि शिडाच्या जहाजाचा प्रवास त्याला सोसणारा नव्हता. मीठ घातलेले लोणी मात्र टिकत असे. म्हणून दूध गाळून उथळ पत्र्याच्या परातींत ओतायचे, थंड खोलीत दीड-एक दिवस स्थिर ठेवायचे, वर आलेली साय काढून घ्यायची आणि ती घोड्याच्या बळावर फिरणाऱ्या पिंपात घुसळायची, असा क्रम होता. आपल्याकडे विरजणाचे ताक घुसळून लोणी काढतात, तर येथे न विरजलेली साय थेट घुसळली जाई. साय काढून उरलेले दूध डुकरांना घातले जाई आणि पुढे ती डुकरेही शहरात विक्रीला जात. लोण्याच्या पेट्या टोमॅलिसच्या खाडीतून जहाजांनी निघत.

आसपासच्या बहुतेक जमिनीचा इतिहास याहून निराळा आहे. १८५७ च्या सुमारास पॉइंट रेझचा मोठा भाग सॅन फ्रान्सिस्कोतील शाफ्टर बंधूंच्या वकिली पेढीच्या हाती आला आणि पुढे त्या कुटुंबाने जमिनीचे तुकडे करून ते कुळांना कसायला दिले. या रँचना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरांची नावे मिळाली. ए रँच दीपगृहाकडच्या टोकाला होता आणि तेथून क्रम पुढे जात असे. त्यांवर आयर्लंडमधून, स्वित्झर्लंडच्या इटालियनभाषक भागातून आणि पोर्तुगालच्या अझोर्स बेटांतून आलेली कुटुंबे राबली. पीअर्स मात्र कूळ राहिला नाही, त्याने टोमॅलिस पॉइंटची जमीन विकत घेतली. मालक स्वतः राहत असल्यामुळेच येथे घर, शाळा आणि कारागिरांच्या जागा यांचे एवढे भरीव गाव उभे राहिले असावे, असा माझा तर्क आहे. या सर्वांच्या आधी, हजारो वर्षे, हा किनारा येथील मूळ रहिवासी असलेल्या कोस्ट मिवोक लोकांचा होता. मांडणीत त्यांचा उल्लेख तळटिपेत न जाता पहिल्याच फलकावर यावा, असे आज ठरले.

शुक्रवार, १५ सप्टेंबर २०२३

मंगळवारी गणपती बसणार असल्यामुळे त्याआधीचा हाच शनिवार सर्वांना सोयीचा होता. बॅटऱ्या भरल्या, भिंगे पुसली. रुंद कोनाचे एक भिंग, ७०-२०० आणि १००-४०० मिलिमीटरची, दूरचे जवळ दाखवणारी दोन टेलिफोटो भिंगे, जड तिपाई, कोरडी फडकी आणि प्लास्टिकची आवरणे घेतली आहेत. राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन उडवण्यास २०१४ पासून बंदी आहे, त्यामुळे वरून दिसणारा आराखडा मिळणार नाही. त्याऐवजी उत्तरेकडच्या चढावरून समूहाचे चित्र घ्यायचे आहे. पिण्याचे पाणी बरोबर न्यायचे आहे. थालीपिठे आणि दही-चटणी नेण्याची जबाबदारी सांगलीकरांनी घेतली आहे.

शनिवार, १६ सप्टेंबर २०२३

फ्रीमाँटहून पहाटे चारच्या सुमारास निघालो. इन्व्हर्नेस गाव मागे टाकून पीअर्स पॉइंट रस्त्याला लागलो तेव्हा धुके इतके दाट होते की रस्त्याच्या कडेची कुंपणेसुद्धा गाडी जवळ गेल्यावरच दिसत होती. या रस्त्यावर आजही चालू असलेली डेअरी आहे. ‘जे’ या अक्षराच्या रँचपाशी गाडीचा वेग कमी केला तेव्हा धुक्यातून दिव्यांचा पिवळा उजेड, यंत्रांचा एकसुरी आवाज आणि शेणाचा ओळखीचा वास, असे तिन्ही एकदम आले. सकाळच्या धारा चालू होत्या. त्यानंतर काही मैलांवर, ज्या रँचला आम्ही पाहायला आलो होतो तेथे, पूर्ण शांतता होती. या दोन जागांमधला फरक दिवसभर मनातून गेला नाही आणि प्रकल्पाची दिशा ठरवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.

आखलेली पहिली चित्रे समुद्राच्या पार्श्वभूमीवर घ्यायची होती. समुद्र दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत खोलातले थंड पाणी वर येते, त्यावरून जाणारी दमट हवा थंड होते आणि तिचे धुके बनून वाऱ्याबरोबर जमिनीवर चढते. सप्टेंबरच्या सकाळी ते असणे हे नवल नव्हे, पण ते इतके खाली उतरून इमारतींचे कळससुद्धा पुसून टाकील, ही अपेक्षा आम्ही केली नव्हती. पांढऱ्या धुक्यात पांढऱ्या भिंती, म्हणजे छायाचित्रकारासाठी कठीण परीक्षा. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक सर्व काही मध्यम करड्या छटेचे मानून मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशेबाने चित्र घेतले तर भिंती राखाडी होतात. मापकाच्या आकड्यापेक्षा एक स्टॉप अधिक, म्हणजे दुप्पट, प्रकाश देऊन आणि हिस्टोग्राम (चित्रातील गडद ते उजळ छटांचा आलेख) उजवीकडे सरकवून, पण उजव्या कडेला न टेकवता, आम्ही काम केले. छटांमधला फरक संपल्यावर आकार तेवढे उरले, आणि आकारांवरूनच त्या जागेची रचना प्रथम लक्षात आली. सायप्रसांची रांग वाऱ्याच्या बाजूला आहे. घर तिच्या आडोशाला आहे. कोठार आणि गोठे त्यापलीकडे आहेत. स्वच्छ उन्हात हे सारे एकाच वेळी डोळ्यांत भरते आणि त्यातील युक्ती निसटते. धुक्यात एकेक इमारत पुढे येत गेली आणि प्रत्येकीचे स्थान वाऱ्याने ठरवले आहे हे पटले. ज्यांनी ही रोपे लावली त्यांना झाडाच्या सौंदर्याची नव्हे, तर वाऱ्यात वासरे कशी तगतील याची काळजी होती.

आम्ही इमारतींच्या बाहेरूनच काम केले. दुधाच्या खोलीच्या खिडकीशी कोल्हापूरच्या मित्राने बराच वेळ घालवला. भिंती पांढऱ्या का, असे आमच्यातल्या एकीने विचारले असता त्याने चुन्याविषयी सांगितले. दुधाच्या जागी चुना लावण्याची रीत जुनी आहे, कारण तो किडी-बुरशीला आळा घालतो, अंधाऱ्या खोलीत उजेड वाढवतो आणि डाग लगेच दाखवतो. आज ज्या पांढऱ्या रंगाला आपण देखणा म्हणतो, तो मुळात स्वच्छतेचा रंग होता.

साधारण साडेनऊला पहिला अनपेक्षित प्रसंग घडला. कोठाराच्या मागच्या उतारावरून, धुक्याच्या आतून, लांब शीळ वाजवल्यासारखा आवाज आला. सुरुवातीला खोल, मग चढत जाऊन अतिशय बारीक आणि शेवटी घोगरा. दुसऱ्या बाजूने त्याला उत्तर आले. तो माजावर आलेल्या टूली एल्क नराचा आवाज होता. सांबराच्याच कुळातला हा प्राणी, नराच्या अंगाचा व्याप मोठा आणि शिंगे फांद्यांची. त्याच्या देहाकडे पाहून त्याचा आवाज इतका बारीक असेल असे वाटत नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्यांच्या माजाचा काळ असतो हे आम्हाला वाचून ठाऊक होते, परंतु कळप वाटेच्या पुढच्या भागात, खिंडीपाशी, दिसेल असा आमचा अंदाज होता. थोड्या वेळाने धुके विरळ झाले तेव्हा पंधरा-वीस माद्या आणि त्यांच्या मागे मान उंचावलेला एक नर कोठाराच्या पलीकडून चरत जाताना दिसले. आम्ही जागचे हललो नाही. १००-४०० भिंगाने दुरूनच चित्रे घेतली. पुढच्या बाजूला गवताच्या कोठाराची पांढरी कड आणि मागे एल्कचा कळप, असे एक चित्र मिळाले. गाईंच्या चाऱ्याचे कोठार, आणि त्याच गवतावर आता एल्क.

एल्कविषयी सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण या चित्राचा अर्थ त्यावर अवलंबून आहे. टूली एल्क केवळ कॅलिफोर्नियातच आढळतो. सोन्याच्या शोधाआधी त्याची संख्या सुमारे ५,००,००० होती असा अंदाज आहे. शिकार आणि शेतीमुळे १८७० च्या आसपास तो संपला असेच मानले जाऊ लागले. १८७४ साली बेकर्सफील्डजवळ हेन्री मिलर या गुरांच्या बड्या मालकाच्या जमिनीवर थोडे एल्क सापडले आणि मिलरने त्यांना संरक्षण दिले. आज जिवंत असलेले सर्व टूली एल्क त्या मूठभर प्राण्यांचे वंशज आहेत. म्हणजे ज्या व्यवसायाने त्यांचे गवत घेतले, त्याच व्यवसायातील एका माणसाने त्यांचा वंश राखला. पॉइंट रेझमधून ते शंभराहून अधिक वर्षे नाहीसे झाले होते; १९७८ साली २ नर आणि ८ माद्या येथे आणून सोडल्या, आणि रँचच्या गुरांपासून त्यांना वेगळे ठेवण्यासाठी पट्टीच्या रुंदीवर, समुद्रापासून खाडीपर्यंत, कुंपण घातले गेले. या कुंपणाच्या आत कळप वाढला, पण दुष्काळात त्याला बाहेर पडायला वाट उरली नाही. २०१२ ते २०१४ या काळात कळपाची संख्या ५४० वरून २८६ वर आली आणि २०२० मध्ये पुन्हा दीडशेहून अधिक एल्क मेले. कुंपणाच्या आतल्या भागातले पाणी आणि चाऱ्यातील क्षारांची कमतरता यांवर बरीच चर्चा झाली आणि २०२१ साली उद्यान सेवेने पाण्याच्या टाक्या ठेवल्या. या वर्षी जून महिन्यात कुंपण काढून टाकण्याचा प्रस्ताव सेवेने पुढे ठेवला आहे. एल्क हा या जागेचा जुना रहिवासी आहे आणि त्याला त्याच्याच भूमीवर कुंपणात तहानलेले ठेवणे मला अन्यायाचे वाटते. हे मत मी नोंदवून ठेवतो.

दुपारच्या सुमारास आम्ही टोमॅलिस पॉइंटच्या वाटेने चढावर गेलो. तेथे धुक्याची सीमा अगदी डोंगरधारेवर येऊन थांबली होती. डाव्या हाताला महासागर पूर्ण झाकलेला आणि उजव्या हाताला टोमॅलिसची खाडी लख्ख उन्हात, निळी. ही खाडी रेघ मारल्याप्रमाणे सरळ आहे, कारण ती सॅन अँड्रियास प्रस्तरभंगाच्या, म्हणजे भूकवचातील मोठ्या भेगेच्या, दरीत समुद्राचे पाणी शिरून झालेली आहे. आम्ही उभे होतो ती पट्टी पॅसिफिक भूपट्टावर आणि समोरचा किनारा उत्तर अमेरिकी भूपट्टावर. पायांखालचा ग्रॅनाइट मूळचा दूर दक्षिणेकडचा असून कोट्यवधी वर्षे सरकत येथवर आला आहे. १८ एप्रिल १९०६ च्या भूकंपात, या खाडीच्या दक्षिणेला ओलेमाजवळ, जमीन एका क्षणात सुमारे २० फूट सरकली आणि कुंपणांच्या सरळ रांगा तुटून एकमेकींपासून दूर गेल्या. त्या वेळी पीअर्सच्या रँचवर धारा काढणाऱ्यांना काय वाटले असेल, हा विचार तेथे उभे राहून टाळता येत नव्हता. रुंद भिंगाने धुके आणि खाडी एका चौकटीत घेतली. आकाशाचा भाग फार उजळ असल्याने वेगवेगळ्या प्रकाशमापाच्या चौकटी लागोपाठ घेऊन ठेवल्या.

खाली परतलो तेव्हा ऊन रँचवर उतरले होते आणि दिवसातील सर्वांत मोलाची अर्धी घटका तेव्हा मिळाली. कोठाराच्या फळ्यांमधल्या फटींतून ऊन आत शिरून जमिनीवर समांतर पट्टे पडले होते आणि बाहेरून पाहताना ते धुळीतून उभे असलेले दिसत होते. त्या तिरप्या उजेडात लाकूड बोलके झाले. तुळयांवरच्या कुऱ्हाडीच्या खुणा, माणसाच्या कमरेच्या उंचीवर जनावरे अंग घासून गेल्याने गुळगुळीत झालेली खांबांची बाजू आणि पावलांनी मध्यभागी झिजलेली उंबऱ्याची फळी. सांगलीकर मित्र त्या फळीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “आमच्या गोठ्याचा उंबरा अगदी असाच खाली गेलाय, बघ.” आम्ही ज्या खुणेच्या शोधात आलो होतो ती ही होती. ७०-२०० भिंगाने, तिपाईवर, सावकाश चित्रे घेतली. हे चालू असतानाच आतल्या अंधारातून एक पांढरे गव्हाणी घुबड नि:शब्द उडाले, उजेडाच्या पट्ट्यांतून आडवे गेले आणि दुसऱ्या टोकाच्या तुळईवर बसले. भरदिवसा ते उडेल असे कोणाला वाटले नव्हते. त्याला आणखी त्रास होऊ नये म्हणून आम्ही त्या बाजूचे काम तेथेच थांबवले.

रविवार, १७ सप्टेंबर २०२३

सर्व फाइलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर उतरवल्या. पहिली चाळणी झाली. घुबडाचे उडतानाचे चित्र अस्पष्ट आहे, तरीही ते ठेवायचे असे माझे मत आहे. पंखांची हलकी पांढरी रेघ आणि उन्हाचे पट्टे एकमेकांना छेदताना त्यात दिसतात.

रविवार, १ ऑक्टोबर २०२३

चित्रांवरच्या संगणकीय संस्करणाविषयी गटात मतभेद झाले. धुक्यातील चित्रांमधला गडद-उजळ छटांचा फरक वाढवला तर ती पाहणाऱ्याला लगेच आवडतात, पण मग धुके नाहीसे होऊन वादळ आल्यासारखे वाटते. त्या सकाळी वादळ नव्हते. मी आग्रह धरला की धुके धुक्यासारखेच राहावे आणि सर्वांत गडद छटासुद्धा करडी राहिली तरी चालेल. शेवटी हे मान्य झाले. खाडीच्या चित्रासाठी तीन प्रकाशमापांच्या चौकटी एकत्र केल्या. एल्कच्या चित्रात काहीही काढले वा घातले नाही.

उंबऱ्याचे चित्र रंगीत ठेवायचे की कृष्णधवल, यावर बराच वेळ विचार केला. कृष्णधवल केल्यास ते जुन्या काळाचे वाटते, आणि तोच त्याचा दोष आहे. ही झीज जुनी असली तरी उंबरा झिजवणारे काम त्या दिवशी पहाटे त्याच रस्त्यावर, काही मैलांवर, चालू होते. चित्र रंगीत राहील.

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३

मांडणीचा क्रम ठरला. कोस्ट मिवोकांविषयीचा मजकूर, मग धुक्यातील आकार, दुधाच्या खोलीची खिडकी, उंबरा आणि खांब, घुबड, कोठारापलीकडचे एल्क आणि शेवटी खाडी. प्रत्येक चित्राखाली मराठीत चार-पाच ओळी असतील आणि त्यांत कामाचे वर्णन असेल. कोण दूध काढत असे, साय कोठे ठेवत, पेट्या कोठून जात. चित्राच्या सौंदर्याविषयी एकही ओळ नसेल.

शनिवार, ७ डिसेंबर २०२४

प्रकल्प बंद केल्यानंतर ही नोंद करावी लागत आहे, कारण टोमॅलिस पॉइंटचे कुंपण काढण्याचे काम या आठवड्यात सुरू झाले आणि गुरेपालकांच्या संघटनेने त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आहे. एल्कच्या चित्राखालचा मजकूर बदलावा लागेल. मला या निर्णयाचा आनंद आहे.

शनिवार, ११ जानेवारी २०२५

या आठवड्यात त्याहून मोठी बातमी आली. २०२२ पासून चाललेल्या दाव्यात तडजोड होऊन पॉइंट रेझ राष्ट्रीय किनाऱ्यावरील १२ रँच १५ महिन्यांत आपला व्यवसाय बंद करणार आहेत. मालकांना मोबदला मिळेल. परंतु त्या जमिनींवर राहून राबणारी, बहुतांशी लॅटिनो असलेली कामकरी कुटुंबे यांना नवी घरे शोधावी लागतील, आणि मरीन काउंटीत परवडणारे घर मिळणे अत्यंत कठीण आहे. एल्कची बाजू मी वर लिहिली आहे आणि तीवर मी ठाम आहे. पण एल्कना वाट मिळावी असे म्हणणाऱ्याने या कुटुंबांच्या घराचा प्रश्नही तितक्याच आपुलकीने विचारायला हवा. पीअर्सच्या रँचच्या वेळी इमारती जपल्या गेल्या आणि काम करणाऱ्यांची नावे फारशी उरली नाहीत.

म्हणून प्रकल्प पुन्हा सुरू करत आहोत. या रँचवर काम करणाऱ्यांची, त्यांची संमती घेऊन, धारा काढतानाची छायाचित्रे आणि त्यांचे स्वतःचे बोलणे नोंदवायचे आहे. परवानगीच्या पत्राचा मसुदा मी तयार केला. आमच्यातली एक जण स्पॅनिश शिकलेली आहे, ती त्याचा अनुवाद करील. पत्र सोमवारी टपालात पडेल. उत्तर आल्यास मार्चच्या पावसाळी दिवसांतच जाऊ, कारण उन्हाळ्यापर्यंत थांबलो तर काही गोठे रिकामे झालेले असतील.